बाबा लाव

"तू नको," धाकटी म्हणाली. "बाबा लाव."

दुपार होती. दुकानाच्या सुट्टीचा वार होता, पडदे ओढलेले होते आणि तो स्वतः, म्हणजे बाबाच, तिच्या गादीच्या कडेला कसाबसा तोल सांभाळत बसून तिची पाठ थोपटत होता. वाक्य सोपं होतं, त्यात एक जोडाक्षरसुद्धा नव्हतं. चष्म्याच्या दुकानात बसून तो दिवसभर लोकांना याहून कठीण मजकूर वाचायला लावतो. पण हे वाक्य त्याला ऐकू आलं आणि लागलं नाही, एखाद्याचं अक्षर लागत नाही तसं. दिवा लावतात. पंखा लावतात. दार लावतात, म्हणजे बंद करतात, आणि टीव्ही लावतात, म्हणजे चालू करतात. हे भाषेनं कधी ठरवलं कोण जाणे, पण आपण ते चालवून घेतो. बाबा लावतात हे त्याला नवीन होतं. त्याला आधी वाटलं, ती अर्धवट झोपेत काहीतरी बरळली. मग तिनं बोट दाखवलं, आणि तो ज्या बाजूला बसला होता त्याच्या बरोबर उलट्या बाजूला दाखवलं.

"तिला डबी पाहिजे," थोरल्यानं भाषांतर केलं. तो पलीकडच्या गादीवर भिंतीला पाय लावून पडला होता. शाळेत जायला लागल्यापासून त्याला घरातल्या सगळ्यांचं बोलणं सगळ्यांना समजावून सांगायची सवय लागली होती. "डबीतला बाबा. तू बाहेर बस."

तो उठला, कपाटावरची डबी चालू केली, आणि बाहेर जाऊन बसला. नंतर पुष्कळ वेळा त्यानं त्या क्षणाकडे परत जाऊन पाहिलं, तेव्हा त्याला मुलीच्या बोलण्यापेक्षा स्वतःच्या या उठण्याचंच जास्त नवल वाटलं. त्यानं "अगं, मीच बाबा" असं काहीसुद्धा म्हटलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक "मालक कुठे आहेत?" असं त्यालाच विचारतं तेव्हा जसा तो क्षणभर मागे वळून बघतो, तसाच तो उठला होता.

डबी म्हणजे मुठीएवढा, राखाडी, जाळीदार स्पीकर. वायर नसलेला. बायकोनं आणला होता. बायको लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसते आणि तिच्या पायाखाली एक स्वतंत्र ब्रेक असतो. त्यामुळे कुठलीही गोष्ट फार पुढे जायच्या आत थांबवता येते असा तिचा एकूण स्वभाव झाला आहे. मुलं दुपारची झोपत नव्हती, आणि दुपारी न झोपलेली मुलं संध्याकाळी माणसात राहत नव्हती. तेव्हा तिनं डबी आणली. डबी त्याच्या फोनला जोडली, आणि फोनमध्ये झोपेचे आवाज म्हणून जे काही जगभर चालतं ते लावून पाहिलं. समुद्राच्या लाटा लावल्या, तर थोरल्याला दर लाटेला शू लागायची. पाऊस लावला, तर तो उठून बाहेरचे कपडे आत घ्यायला सांगायचा, आणि कपडे आत घेतल्याचं दाखवल्याशिवाय झोपायचा नाही. देवमाशाचा आवाज लावल्यावर धाकटीनं जे भोकाड पसरलं ते वरच्या मजल्यावरचे लोक चौकशीला येईपर्यंत. एका आवाजाला 'आईच्या पोटातला आवाज' म्हणत. तो ऐकून मुलांना काहीच झालं नाही. त्यालाच मात्र कसंसंच झालं. एखाद्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला कान लावून बसल्यासारखं वाटलं. आपण आत तेवढे महिने हे ऐकत होतो आणि बाहेर आल्यावर कुणाला सांगितलं नाही, असा एक विचार येऊन गेला.

शेवटी बायको म्हणाली, तुझ्या शूनं झोपतात ना, मग तेच भर त्यात. झोपायचं शू आणि थोरल्याच्या लाटांचं शू ही दोन वेगळी, हे इथे सांगायला हरकत नाही. घरात यावरून गैरसमज होऊन गेलेले आहेत. तर एका दुपारी तो फोन उशीवर ठेवून, मुलांच्या मध्ये बसून, शूऽऽ शूऽऽ करत राहिला. श्वास घ्यायचा, सोडायचा. मध्येच दाराची घंटा वाजली. "आलो, आलो," तो दबक्या आवाजात म्हणाला आणि उठून गेला. पार्सलवाला होता. सही करून, दार लावून तो परत आला, जरा धापेतच, आणि पुन्हा शू करू लागला. हे सगळं फोनमध्ये भरलं गेलं: शू, घंटा, आलो आलो, पावलं, लांबवर दोन पुरुषांचं पुटपुटणं, मग खोलीचा नुसता आवाज, म्हणजे काहीच नाही, आणि मग परत शू. मधलं कापून काढता येतं म्हणतात. पण तो कापायला गेला तेव्हा फोननं त्याला असा काही प्रश्न विचारला, की होय म्हटलं तर सगळंच जाईल असं वाटलं, आणि नाही म्हटलं तरी. त्यानं फोन खिशात ठेवला. ते तसंच चालू झालं, फिरून फिरून, घंटेसकट.

सुरुवातीला तो फसला. बाहेरच्या खोलीत बसलेला असायचा, आतून घंटा वाजायची, आणि तो उठून दार उघडायचा. जिन्यात कोणी नसायचं. बायकोसुद्धा एकदा फसली, पण तिनं ते कबूल केलं नाही. दारात उभी राहून पायपुसणं झटकून आत आली. पुढे दोघांनाही सराव झाला, इतका की खरा पार्सलवाला येऊन घंटा वाजवून वाजवून परत गेला आणि हे दोघं एकमेकांकडे बघून, डबीतली आहे, असं मानेनंच म्हणाले. पार्सल परत मागवायला फार त्रास पडला.

आणि डबीला वायर नाही म्हणतात, पण वायर कुठेतरी असतेच. फोन जरा लांब गेला की आवाज तुटायचा, आवाज तुटला की धाकटी उठायची. त्यामुळे फोन खिशात घालून त्याला बाहेरच्या खोलीतच बसावं लागायचं. जिन्यातसुद्धा जाता यायचं नाही. म्हणजे मुलांना तो लागत नव्हता, पण तो तिथे नसून चालत नव्हतं. आत त्याचा आवाज, बाहेर तो. मध्ये लावलेलं दार. आजवर या व्यवस्थेत त्याला आराम वाटत आला होता. त्यानं त्या वेळात दोन जाड पुस्तकं वाचली होती आणि ती कशाबद्दल होती हे लोकांना सांगितलंही होतं.

त्या दुपारी मात्र तो पहिल्यांदाच ऐकत बसला. दाराआडून एक माणूस शूऽऽ करत होता. आपला आवाज आपल्याला परका वाटतो हे काही नवीन नाही, पण शूमध्ये आवाजही नसतो, नुसता वारा असतो. मग परकं काय वाटत होतं? हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की माणूस घाईत आहे. प्रत्येक शू संपायच्या आधीच पुढचा तयार. झोपा एकदाच्या, असं तो म्हणत होता. वाचनालयात, सभेत, इस्पितळाच्या बाकावर लोक एकमेकांना गप्प करतात, ते हेच. आपण मुलांना निजवत होतो की गप्प करत होतो? आणि मुलं झोपत होती की गप्प होत होती? त्याला नक्की सांगता येईना. मग घंटा वाजली आणि तो, इतक्या दिवसांनी, उठला. दाराच्या कडीला हात लागल्यावर त्याला कळलं.

संध्याकाळी त्यानं ते बायकोला सांगितलं, विनोद म्हणून. ती हसली. मग तो हसत नाहीये हे पाहून तिनं विचारलं, यात तुला एवढं काय लागलं? लागलं वगैरे काही नाही, तो म्हणाला. मग? मग काही नाही. ती मोजे काढता काढता थांबली. दिवसभर एका नव्या शिकाऊ बाईनं तिला नाक्यानाक्यावर आपटवत आणलं होतं.

"तुझा निदान आवाज तरी मागते," ती म्हणाली. "माझा कोणी भरूनसुद्धा ठेवला नाही."

तुझा भरू या, असं तो म्हणाला, आणि ते चुकलं हे म्हणतानाच कळलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त फुटबॉल-पंच. आयुष्यभर मैदानावरून "चष्मा लाव" असं ओरडून घेतल्यावर आता खरोखरच लावायची वेळ आली, असं पंच स्वतःच म्हणाले, आणि स्वतःच हसले; म्हणजे हे त्यांनी आणखीही कुठे कुठे सांगितलं असणार. त्यानं त्यांच्या नाकावर ती जड, गोल, तपासणीची फ्रेम चढवली आणि भिंगं टाकायला सुरुवात केली. "हे बरं की," भिंग फिरवून, "हे बरं?" पहिलं. "हे की हे?" दुसरं. "आता हे की हे?" पंच विचारात पडले. पुन्हा दाखवा. त्यानं पुन्हा दाखवलं. पंचांच्या कपाळाला आठ्या पडल्या. इथे सगळेच घाबरतात, हे त्याला सवयीनं माहीत होतं. आयुष्यात मोठमोठे निर्णय धडाधड घेतलेली माणसं या दोन भिंगांपाशी येऊन परीक्षेला बसल्यासारखी होतात, आणि आपण चुकीचं उत्तर दिलं तर चुकीचा चष्मा नाकावर बसेल म्हणून त्याच्याच तोंडाकडे बघतात, की हा काही खूण करतो का.

"दोन्ही सारखंच दिसतंय हो," पंच शेवटी अपराध्यासारखं म्हणाले.

"मग बरोबर," तो म्हणाला. सारखं दिसायला लागलं की नंबर सापडला. हे वाक्य तो रोज म्हणतो. आज ते म्हटल्यावर तो भिंग हातात धरून तसाच उभा राहिला. दोन्ही सारखं दिसतं तेव्हा आपण तपासणी थांबवतो आणि त्यालाच बरोबर म्हणतो. पण माणसाला फरक दिसेनासा झाला, तर त्यात त्याला नीट दिसू लागलं असं नेमकं कशावरून? "डॉक्टर, झालं का?" पंचांनी विचारलं. तो डॉक्टर नव्हता. पूर्वी तो ते सांगायचा.

दुपारी दुकान रिकामं असताना त्यानं अप्पांना, म्हणजे वडिलांना, फोन लावला. अप्पा शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या बहिणीकडे राहतात, आणि अंतराच्या हिशेबानं मोठ्यानं बोलतात. त्याला एक विचारायचं होतं. लहानपणचं त्याच्याजवळ जे थोडंफार शिल्लक होतं, त्यात एक दुपार होती: अंधारी खोली, गार फरशी, गालाला लागलेली भिंत, आणि अप्पांचं गुणगुणणं. शब्द नाहीत, चालही नाही. एकच खालचा सूर, लांबच लांब, भिंतीतून आल्यासारखा. त्या सुराच्या जोरावर त्यानं अप्पांना पुष्कळ गोष्टी माफ केल्या होत्या. ज्या माणसानं आपल्याला कधी जवळ घेतलं नाही तो आपल्यासाठी गात होता, असं त्यानं बायकोला लग्नाआधी सांगितलं होतं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लग्न ठरण्यात त्या सुराचा थोडा हात असावा.

"मी?" अप्पा म्हणाले. "मी कशाला गाईन?"

गाणं नाही, गुणगुणणं, तो म्हणाला. दुपारचं. त्या जुन्या घरी.

पलीकडे बहिणीच्या घरात कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"तो पंप असेल," अप्पा म्हणाले. "पाण्याचा पंप. आपल्या भिंतीला लागून होता. दुपारी पाणी चढवायचे ना."

दुकानात समोरच्या फळीवर चष्मे मांडलेले होते, सगळे त्याच्याकडे तोंड करून. त्याला एकदम हसू आलं, आणि ते हसूच आहे ना याची खात्री करून घ्यावीशी वाटली. म्हणजे तो पंपाला बाबा समजत होता. पंपाला त्यानं जीव लावला होता, पंपाला माफ केलं होतं, पंपाच्या जोरावर लग्न केलं होतं.

अप्पांचं मात्र चालूच होतं. पंप तरी कसला, कधी चालायचा, कधी बंद पडायचा, आणि बंद पडला की तू टक्क जागा. रडायला सुरुवात. तुझी आई कामावर. मग काय करणार?

"काय करायचात?"

"करायचो आवाज."

"कसला?"

"पंपाचा," अप्पा चिडून म्हणाले. "दुसरा कसला करणार? तुला तोच लागायचा."

त्यानं फोन या कानाचा त्या कानाला लावला. म्हणजे ते अप्पाच होते? की कधी पंप, कधी अप्पा? त्याच्याजवळ होती ती दुपार कुठली, पंप चालू असलेली की बंद पडलेली? त्यानं विचारलं, कसा करायचात, करून दाखवा ना. वेडा आहेस का, अप्पा म्हणाले, घरात माणसं आहेत. मग म्हणाले, ठेवतो. पण ठेवला नाही. फोनमधून एक खालचा सूर येऊ लागला, बारीक, घोगरा; ते अप्पा होते की फोनच्या आतली घरघर होती, हे कळायच्या आत दुकानाचं दार उघडून कोणीतरी आलं, आणि फोन बंद झाला. आपण बंद केला की अप्पांनी, हेही त्याला नंतर आठवेना.

पुढच्या सुट्टीच्या दुपारी त्यानं तपासणी करायची ठरवली. त्याला दुसरं काही येत नव्हतं. डबी कपाटावरून काढून त्यानं पाठीमागे धरली, धाकटीला डोळे मिटायला सांगितले, आणि आधी स्वतः शू केलं, मग डबीला करू दिलं. "हे बरं की हे?" त्यानं विचारलं. धाकटीला खेळ आवडला. पुन्हा, ती म्हणाली. त्यानं पुन्हा केलं. या वेळी घाई करायची नाही असं ठरवून, एकेक शू शेवटपर्यंत नेऊन. "हे की हे?" थोरला उठून बसला आणि आपल्यालाही विचारायला पाहिजे असं म्हणाला. त्याला विचारलं. त्यानं पंचांसारख्याच आठ्या घातल्या.

"दोन्ही सारखे," धाकटी म्हणाली.

मग बरोबर, असं त्याच्या तोंडात आलं होतं. त्यानं ते गिळलं. ती आपल्याला डबीएवढं मानते याचा आनंद मानावा, की आपल्यापेक्षा अधिक काही डबीत नाही याचा, की वाईट वाटून घ्यावं, आणि वाटून घ्यायचं तर कुठल्या बाजूनं, हे ठरायच्या आतच पाठीमागून एक परदेशी वळणाची बाई गोड आवाजात बॅटरी संपल्याचं बोलली आणि डबी बंद झाली. या बाईला मुलं बॅटरीबाई म्हणत. ती डबीत राहते आणि बाबाला चालू-बंद करते, असं त्यांचं मत होतं.

धाकटीचा चेहरा वाकडा व्हायला लागला. डबी भरायला लावली तरी लगेच बोलणार नव्हती, तिला आधी बराच वेळ गप्प पडून राहावं लागे. "बाबा गेला," धाकटी म्हणाली, त्याच्याकडे बघून, त्यालाच सांगत. त्यानं डबी कपाटावर ठेवली. नुसत्या फोनमधून ते लावलं तर धाकटी त्याला बाबा मानत नसे, तेव्हा दुसरा काही इलाज नव्हता. तो गादीच्या कडेला बसला आणि डबी करायची तसं करू लागला. त्याला ते अवघड गेलं. डबी त्याचं करत होती तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं, पण त्याला डबीचं करताना लाज वाटत होती. घरात माणसं आहेत, असं वाटत होतं. शूऽऽ. धाकटी उताणी पडून छताकडे बघत होती, परीक्षकासारखी. शूऽऽ. त्याच्या पायाला मुंग्या आल्या. पलीकडे थोरल्याचे पाय भिंतीवरून खाली घसरले. किती वेळ गेला कुणास ठाऊक, तिच्या पापण्या जड झाल्या, आणि झोपली असं वाटतंय तोच ती डोळे मिटूनच म्हणाली, "टिंगटाँग."

त्याला कळलं नाही. त्यानं शू केलं.

"घंटा वाजली," थोरला अंधारातून म्हणाला. "आता तुझं आलो."

"आलो," तो म्हणाला. मग आठवून, "आलो, आलो."

तो बसूनच राहिला. जा ना, थोरला म्हणाला. आता तू जातोस. आणि खरंच, डबीत तो जात असे. इतके दिवस त्यानं ते बाहेरून ऐकलं होतं, आणि बाहेरून ऐकताना 'आलो' म्हणजे दाराकडे येणं होतं, आपल्याकडे येणं होतं; आतून ते जाणं होतं. निघालेला माणूस आलो म्हणतो, आणि आपण त्याला पाठमोरा बघतो, आणि कोणालाच त्यात काही चुकीचं वाटत नाही. तो उठला. पावलं वाजवत बाहेरच्या खोलीत गेला, कारण डबीत पावलं वाजत. दार उघडलं. जिन्यात कोणी नव्हतं. समोरच्या दाराशी कुणाच्या तरी चपला एकमेकींवर चढून पडल्या होत्या. दोन पुरुषांचं पुटपुटणं असायला हवं, त्याला आठवलं. तो रिकाम्या जिन्याला उद्देशून काहीतरी पुटपुटला, आणि दुसऱ्या पुरुषाचंही आपणच पुटपुटला. मग तो उभा राहिला. नंतरचा तो काहीच नसलेला भाग किती लांब होता, हे त्याला माहीत नव्हतं. तो भाग त्यानं कधी ऐकलाच नव्हता. त्यात ऐकण्यासारखं काही नसतं असं धरून त्या वेळात तो पान उलटत असे. आता परत फार लवकर गेलो तर चुकेल, फार उशिरा गेलो तर त्याहून चुकेल. आतून काहीच आवाज येत नव्हता. त्यानं दार लावलं.

खोलीच्या उंबऱ्यापाशी तो आला तेव्हा धाकटीचे डोळे मिटलेले होते. तो बसायला वाकला.

"आलास?" तिनं विचारलं, अगदी हळू, कपाटाकडे तोंड करून.

त्याला वाटलं, हे आपण ऐकलं की नाही ऐकलं. असं काही डबीत नव्हतं. तो तसाच वाकलेला राहिला.

"ती रोज विचारते," थोरल्यानं समजावून सांगितलं, जांभई देत. "इथेच विचारते. पण डबी बोलतच नाही. लगेच शू करते."

रोज. दाराच्या पलीकडे, तो पान उलटत असताना.

"आलो," तो म्हणाला.

धाकटीनं खाडकन डोळे उघडले. तिनं आधी कपाटावरच्या डबीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा डबीकडे, आणि पुन्हा त्याच्याकडे. हे की हे. तिच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. त्यानं या वेळी काही विचारलं नाही. तो नुसता बसला, पुरता, तोल न सांभाळता, आणि ती बघत होती तोवर बसून राहिला.